सामरी, तात्या विंचू आणि शेजारीण

शहाद्याकडच्या गावांत एके काळी ‘व्हिडिओ आणणे’ हा सोहळा असे. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, सगळं एका रात्रीच्या भाड्याने. क्रम ठरलेला. आधी बायाबापड्यांसाठी देवाचा सिनेमा, मग मिथुनचा, आणि मध्यरात्र उलटल्यावर रामसेंचा भुताचा. ‘पुराना मंदिर’ सुरू होईपर्यंत अर्धं गाव सतरंजीवर आडवं झालेलं असायचं. जे जागे उरत ते खरे दर्दी. ऐन मोक्याला वीज गेली की किंकाळी पडद्याबाहेरच्या अंधारातून येई, आणि ती बहुधा पुरुषाची असे.

*

रामसेंच्या सिनेमांपेक्षा ते भुताकडे कसे वळले हे मला जास्त आवडतं. फतेहचंद रामसे यांचं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रेडिओचं दुकान होतं. १९७० मध्ये त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करायला येतात, तेवढ्या प्रसंगाला थिएटर जागं होतं, हे त्यांच्या मुलांनी टिपलं. मग सगळा सिनेमाच तसला का काढू नये? १९७२ मध्ये महाबळेश्वरला जाऊन थोडक्या पैशात ‘दो गज जमीन के नीचे’ झाला आणि चालला. प्रेक्षकाला काय आवडतं ते विचारायला कोणी गेलं नाही. तो खुर्चीत सरळ कधी बसतो, एवढंच पाहिलं.

*

आमच्या घरातले प्रकार.

आत्या डोळ्यांवर पदर घेऊन पूर्ण सिनेमा बघायची. कोणी चॅनल बदललं तर पदराआडून ओरडायची, “बंद करू नको रे, काय व्हस ते देखू दे!” देखायचं तर असायचंच, फक्त पदरातून.

चुलतभाऊ हसायचा. भूत जितकं जवळ, तितका हा मोठ्याने हसणार. रात्री मात्र लघवीला जाताना कोणाला तरी उठवणार.

मला दार आवडतं. दार उघडायच्या आधीचं अर्धं मिनिट. पलीकडे काय आहे ते दिसलं की माझा निम्मा रस संपतो. म्हणून मुखवट्यांचे सिनेमे मला पुरत नाहीत आणि ज्यात शेवटपर्यंत काहीच दिसत नाही ते आत्याला पुरायचे नाहीत. “भूतच दाखाडं नही,” हा तिचा सर्वांत कडक शेरा.

*

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी भूतबंगल्यात शिरणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. भीती फार कमी पडली तर मजा नाही, फार झाली तरी नाही. मधे कुठेतरी गोडी. जत्रेतला भूतबंगलेवाला हे यंत्राशिवाय ओळखतो. एकदा तंबूच्या मागच्या बाजूने गेलो तर भूत मुखवटा कपाळावर सरकवून चहा पीत होतं. “लहान पोरं असली तर हात नाही लावत, नुसतं उभं राहायचं,” म्हणालं. “कॉलेजची पोरं आली तर मागून जायचं.”

*

‘झपाटलेला’ (१९९३) हा आमच्याकडे विनोदी सिनेमा. मोठ्यांना लक्ष्या दिसतो. पाच वर्षांच्या पोराला फक्त तात्या विंचू दिसतो. रामदास पाध्ये यांच्या त्या बाहुल्याने महाराष्ट्रातल्या किती घरांतल्या बाहुल्या कपाटावर चढवल्या असतील, देव जाणे.

अमेरिकेतल्या जोआन कँटर यांनी मुलांच्या भीतीवर बरीच वर्षं काम केलं. ‘हल्क’ ही मालिका पाहताना लहान मुलं घाबरायची ती तो हिरवा, राक्षसी व्हायचा तेव्हा. तो चांगल्या बाजूचा आहे, मदतीला आलाय, याचा त्यांना काही दिलासा नसे. लहान वयात दिसणं घाबरवतं. मोठं झालं की घडू शकणारं घाबरवतं. म्हणून मुलाला ‘अरे, ते खोटं आहे’ सांगून भागत नाही. मांडीवर घ्यावं लागतं.

*

‘पुराना मंदिर’मधला शाप असा, की त्या घराण्यातली बाई बाळंतपणात मरणार. सामरी या राक्षसाचं मुंडकं पेटीत कोंडलेलं, धड दुसरीकडे, आणि तरी शाप पिढ्यान्‌पिढ्या चालूच. आता पाहताना माझं लक्ष सामरीकडे राहत नाही. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर बाळंतीण अडली तर तिला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांना दवाखाना बोटीतून येतो. तिथे बाळंतपणात बाई दगावायला सामरी लागत नाही.

भयपटात घाटात गाडी बंद पडते आणि पांढऱ्या साडीतली बाई हात करते. आमच्याकडच्या चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड येते. २०२१ च्या सप्टेंबरात अशीच दरड कोसळून रस्ता बंद झाला. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा दवाखान्याकडे पायी निघाला. ती वाटेतच गेली. या घाटात पांढऱ्या साडीची गोष्ट कोणी सांगू लागलं की मी विषय बदलतो.

*

आणि आता जे मला बघवत नाही ते.

मला भूत चालतं, राक्षस चालतो, प्रेत उठून बसलं तरी चालतं. चेटकीण चालत नाही. ‘वीराना’ (१९८८) तरुणपणी आवडीने पाहिला होता. सुंदर बाई, तिच्यात शिरलेली चेटकीण, पुरुषांना भुलवून मारणारी. पुढे सातपुड्यातल्या गावांत कामानिमित्त जाणं-येणं सुरू झालं आणि ‘डाकीण’ हा शब्द पडद्याबाहेर ऐकला.

घरात लागोपाठ आजारपण येतं, गुरं मरतात, पोर दगावतं. माणसं भगताकडे जातात. (सगळे भगत एका माळेचे मणी नव्हेत. पाल्याचं औषध देऊन गप्प बसणारेही आहेत.) एखादा भगत दिशा दाखवतो, आणि ती दिशा बहुतेक वेळा एकट्या बाईच्या दारात संपते. विधवा, म्हातारी, कधी जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, काही वेळा खून. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या प्रथेविरुद्ध इथे वर्षानुवर्षं झगडत आहेत. समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

हे फक्त डोंगरातलं, असं शहरातल्यांनी समजू नये. नंदुरबारात धंदा बसला तर ‘कोणीतरी केलंय’ म्हणणारे माझ्या ओळखीत पदवीधर आहेत. फक्त ते नाव हळू आवाजात घेतात.

सिनेमातल्या चेटकिणीला गाव घाबरतं. डाकीण ठरवलेली बाई गावाला घाबरते. एकदा हे पाहिलं की ‘वीराना’तल्या जमावाच्या हातातल्या मशाली वेगळ्या दिसायला लागतात.

*

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. त्यामुळे तिकडचा सिनेमा इकडे यायला पासपोर्ट लागत नाही. ‘वश’ (२०२३) हा गुजराती भयपट आणि त्यावरून काढलेला हिंदी ‘शैतान’ (२०२४), दोन्ही आमच्याकडे चवीने पाहिले गेले. एक परका माणूस एका घरातल्या मुलीला वश करतो आणि ती त्याच्या हुकमाने आईबापांवर उलटते. जानकी बोडीवालाने दोन्हींत ते काम असं केलंय की मला मधे उठून पाणी प्यावं लागलं. कलाकृती म्हणून नावं ठेवायला फारशी जागा नाही.

पण बाहेर आल्यावर सोबतचा म्हणाला, “असे लोक असतात, बरं का.” मग त्याने आमच्याच गल्लीतलं एक नाव घेतलं.

भयपट संपल्यावर माणूस कुठे बघतो, यावर हल्ली मी माझी आवड ठरवतो. सामरी पाहून आम्ही लिंबाच्या झाडाकडे बघायचो. ‘वश’ पाहून हा शेजाऱ्याकडे बघत होता. दिग्दर्शकाचा हेतू तसा नसेल, मान्य. तरी झाडाकडे बघणं बरं.

*

मोबाइलवर भयपट बघणं मला जमत नाही. कानात बोंडं घातली की भीती भलतीच आत शिरते आणि शेजारी ओरडायला कोणी नसतं. भाचा म्हणतो, तेच तर पाहिजे. ‘खऱ्या भुताचे’ रील मात्र तो आवाज बंद करून बघतो. मी सांगितलं, असं बघायचं तर कशाला बघतोस? भयपटाचे बारा आणे कानात असतात.

*

आवडते दोन.

‘लपाछपी’ (२०१७). उसाच्या शेतातलं घर, पोटुशी नायिका आणि उषा नाईक यांची तुळसाबाई. भुतं आहेत, पण घाबरायचं असतं ते मुलगी नको असलेल्या माणसांना. पूजा सावंत त्या उसात हरवते तेव्हा मला शहाद्याचा ऊस आठवतो. उभ्या उसात शिरलं की दहा पावलांवर दिशा कळत नाही, हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

‘तुंबाड’ (२०१८). हस्तर, कमरेचं सोनं, पिठाच्या बाहुल्या आणि न थांबणारा पाऊस. पहिल्या वेळी थिएटरात फार लोक नव्हते. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. हस्तर खरंच असतो असं त्यातून बाहेर येऊन कोणी म्हणत नाही. आपल्या काकाचं नाव मात्र काही जण घेतात, वाटणीच्या संदर्भात.

आत्याला ‘तुंबाड’ टीव्हीवर दाखवला. पदर डोळ्यांवर होताच. संपल्यावर तिने विचारलं, त्या पोराने एकदाच पोतंभर आणलं असतं तर पुन्हा पुन्हा जावं लागलं असतं का? मी म्हटलं, अगं, तोच तर सिनेमा आहे. ती म्हणाली, मग त्याला व्यवहार कळत नव्हता. आणि उठून दूध विरजायला गेली.