परवलीचा शब्द

मनुष्यानें घराच्या दारास कडी बसविली त्याच दिवशीं 'कोण आहे?' हा प्रश्नहि जन्मास आला असावा. ह्या प्रश्नाचें उत्तर दोन परींनीं देतां येतें: ठरलेला शब्द उच्चारून, किंवा दुसऱ्या कोणाजवळ नसलेली खूण दाखवून. नळदुर्ग आणि परंडा ह्यांसारखे किल्ले ज्या धाराशिव जिल्ह्यांत उभे आहेत, तेथील वाचकांस पहिल्या परीचें नांव सांगावयास नको. रात्रीं दरवाजे मिटल्यावर पहारेकऱ्यास द्यावयाचा तो परवलीचा शब्द. संगणकाच्या 'पासवर्ड'ला मराठींत हेंच नांव मिळालें, तें यथार्थच होय. कारण गडाच्या परवलीचा जो दोष, तोच ह्याहि शब्दाचा आहे. तो ठाऊक आहे हें दाखविण्यास तो उच्चारावा लागतो, आणि उच्चारला कीं तटाआड दबून बसलेल्याच्या कानीं पडूं शकतो.

ही केवळ कल्पना नव्हे. १९९५ सालीं हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत कोणी असाच कान लावून पासवर्ड टिपून घेतले. त्यावर उपाय म्हणून तेथील टाटू इलोनेन ह्यांनीं 'एसएसएच' ही व्यवस्था रचली. पुढें तिचा प्रसार जगभर झाला, आणि आतां ती आमच्यासारख्यांच्या घरींहि येऊन पोहोंचली आहे.

आमची कन्या पुण्यास असते. आम्ही उभयतां धाराशिवास. येथील संगणकावर घराचीं कागदपत्रें, बँकेचे हिशेब आणि छायाचित्रें आहेत. कांहीं अडलें कीं ती तेथून आमचा पडदा पाहते आणि अडचण दूर करते. परंतु दर खेपेस एक शब्द आंत येण्यास व दुसरा पडदा पाहण्यास द्यावा लागे. शब्द वरचेवर मागितला गेला, कीं माणसें तो सोपा तरी करतात, नाहीं तर चिठोरीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवितात. मग पहाऱ्याचा अतिरेकच चोरास वाट दाखवितो. एके दिवशीं ती म्हणाली, "बाबा, आपण किल्ली बसवूं या. मग पासवर्ड विचारायलाच नको." न विचारतां उघडणारें दार! आमचें मन प्रथम कचरलें.

परंतु ह्या किल्लीची घडण पाहतां भीति ओसरली. १९७६ मध्यें डिफी आणि हेलमन ह्या अमेरिकन विद्वानांनीं जी कल्पना प्रसिद्ध केली, तिच्यावर ती उभी आहे. किल्ल्या दोन असतात. त्यांचें नातें शिक्का आणि ठसा ह्यांच्या नात्यासारखें. शिक्का कन्येच्या संगणकांतून बाहेर पडत नाहीं. ठसा, म्हणजे अक्षरांची एक ओळ, आमच्या संगणकाच्या यादींत लिहिलेला असतो. ती दारीं आली कीं दर खेपेस नव्या मजकुरावर शिक्का उमटतो, आणि आमचा संगणक तो ठशाशीं ताडून पाहतो. गुपित वाटेवर येतच नाहीं, मग चोरानें ऐकावें तरी काय? ठशावरून शिक्का कोरणें व्यवहारांत अशक्य. शिक्क्यासहि एका वाक्याचें कुलूप असतें. तें ती दिवसाकांठीं एकदांच उघडते.

बाकीची मांडणी थोडक्यांत अशी. घरगुती इंटरनेटला बहुधा स्वतःचा स्थिर पत्ता नसतो, म्हणून दोन्ही घरें आधीं एका खाजगी जाळ्यांत जोडून घेतलीं. पडदा दाखविणाऱ्या 'व्हीएनसी'स केवळ घरच्याच संगणकाशीं बोलण्याची ताकीद दिली. बाहेरून त्याकडे जाण्यास एसएसएचचें भुयार तेवढें ठेविलें. किल्ली चालते अशी खात्री पटल्यावर पासवर्डनें आंत येण्याची वाट कायमची बुजविली.

तथापि एक शंका उरलीच. दुरून पडदा हाताळण्याच्या सोयीनें पुष्कळांचीं खातीं रिकामीं झालीं आहेत. 'एनीडेस्क'च्या आडून होणाऱ्या अशा फसवणुकीविषयीं रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्यें बँकांना सावध केलें होतें. कन्या चोर नव्हे, हें खरें. परंतु म्हातारपणीं आपले हिशेब व आपलीं पत्रें कोणीहि कोणत्याहि घटकेस पाहावीं, हें मनास रुचेल काय? आम्हीं हें बोलून दाखविलें, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "लेकीला माहेरीं यायला का परवल लागते?"

उत्तर बिनतोड होतें, पण अपुरें होतें. माहेरवाशीण परवल देत नाहीं. पण येण्याआधीं निरोप मात्र धाडते. म्हणून घरांत नियम ठरला, कीं पडदा उघडण्यापूर्वीं तिनें फोन करावा. कोणती किल्ली केव्हां आंत आली ह्याची नोंद संगणक ठेवतोच. तिचा संगणक हरवला तर ती एक ओळ पुसली कीं काम भागतें. पण ह्या दोहोंपेक्षां आम्हांस तो फोन मोलाचा वाटतो. यंत्रानें 'कोण आहे?' विचारण्याचें सोडलें, तेव्हां 'येऊं का?' असें विचारण्याचें काम माणसांकडे आलें. त्या प्रश्नाचें उत्तर बहुतेक 'ये' असेंच असतें. क्वचित् 'थोड्या वेळानें' असेंहि असतें, आणि तेंहि ती ऐकते.