फळीवरचे देव

आमच्या घरी देव्हारा नाही. देव फळीवर मांडलेले असतात. त्यामुळे समर्थ रामदासांच्या गणपतीच्या आरतीतील ‘फणिवरबंधना’ हा शब्द मला कित्येक वर्षे ‘फळीवर वंदना’ असाच ऐकू येई. आईही तसेच म्हणे. फणिवर म्हणजे नागराज. त्याचे बंधन कमरेला असलेला तो गणपती, हा समासाचा उलगडा मला फार उशिरा, पदवीचा अभ्यास करताना झाला. अनोळखी संस्कृत शब्दाच्या जागी कान घरातला शब्द बसवतो. ‘संकटी’चे ‘संकष्टी’ होते, तेही असेच. नव्या ज्ञानाच्या उत्साहात मी आईला भर आरतीत थांबवून चूक दाखवली. ती काही बोलली नाही. तेव्हापासून त्या शब्दापाशी ती नुसत्या टाळ्या वाजवते.