पोटखराबा

सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असा एक शब्द असतो. लागवडीला न येणारी जमीन. सासवडकडे आमच्या सामाईक जमिनीत असा दीड एकराचा तुकडा आहे, गावच्या माळाला लागून. मुरूम, गुडघाभर गवत, चार बोरी. परवा पुतण्याचा फोन आला, "आत्या, नुसतं ओसाड पडलंय. दोनशे झाडं लावूया? निसर्गाचंही भलं होईल." हेतू चांगलाच आहे. पण ‘ओसाड’ हा शब्द माझ्यातल्या मराठीच्या बाईंना पटेना. म्हणून इथेच उत्तर लिहिते, तो वाचेलच.

निवृत्तीनंतर दुर्बीण घेतली, तेव्हापासून थंडीत मी तिकडे जाते. पावसाळा सरला की माळावर भोवत्या येतात. घारीहून सडपातळ शिकारी पक्षी. पंख किंचित वर धरून गवताला घासून जावं तसा तरंगतो आणि नाकतोडे, उंदीर टिपतो. मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून एवढा प्रवास करून येतो तो असाच मुलूख शोधत. आणि मंडळी, हा रात्री झाडावर बसत नाही! तिन्हीसांजेला दहा-वीस जण जमतात आणि गवतात, जमिनीवरच झोपतात.

आपल्याकडे वसंत आला की ही पाहुणेमंडळी निघतात. त्यांचा वसंत तिकडे, घरटी तिकडे. होळीच्या सुमारास भोवत्या दिसेनासे होऊ लागतात. ज्वारीवर पोसलेल्या भोरड्या पळस-पांगाऱ्याचा मध चाखून एप्रिलपर्यंत जातात. मग माळ रिकामा होतो का? छे! भर उन्हाळ्यात माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत खडे दिसावेत अशी अंडी घालते. चंडोल गवताच्या बुडाशी घरटं करतो.

अशा माळांना आपण वर्षानुवर्षं पडीक म्हणत आलो. कुठे नांगर फिरवला, कुठे झाडं लावली. माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नजला अभयारण्य झालं, तरी आज तिथे तो दिसणं अतिशय दुर्मीळ झालं आहे. त्याला कारणं अनेक, पण माळ आटत जाणं हे त्यातलं मोठं.

तेव्हा बाळा, झाडं जरूर लावू. विहिरीजवळ, बांधावर, वस्तीपाशी. आंबा, चिंच, कडुलिंब, तू म्हणशील ते. रोपांचे पैसे माझे. पण त्या दीड एकरासाठी माझी संमती नाही. ती जागा रिकामी नाही रे. दसऱ्यानंतर ये, दाखवते.