लिझबर्नचा पांढरा रुमाल

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या नैऋत्येला, लागन नदीच्या काठी लिझबर्न वसले आहे. तिथल्या बाजारचौकातील जुन्या इमारतीत लिनन कापडाचे संग्रहालय आहे. आपल्या कितीतरी घरांतील मुलीसुना आज ब्रिटनमध्ये नांदत आहेत. त्यांच्याकडे जाणारे आईवडील लंडन पाहून परततात. सवड असेल तर त्यांनी इथेही जावे. ब्रिटिश घरात जेवायला बोलावले की ताटाशेजारी एक पांढराशुभ्र रुमाल घडी करून ठेवलेला असतो आणि तो पाहून आपला माणूस बिचकतो. त्या रुमालाची कहाणी इथे कळते.

लिनन ज्या झाडापासून होते ते आपल्या ओळखीचेच आहे, आपले जवस! आपण त्याच्या बियांची चटणी करतो, तेल काढतो. आयर्लंडमध्ये त्याची उंच वाढणारी जात लावून खोडातला धागा काढत. रोपे कापत नसत, मुळासकट उपटत आणि डबक्यात कुजवत. त्याची दुर्गंधी दूरवर पसरे. विणलेले कापड गवतावर पसरून उन्हापावसात पांढरे करत. हे काम तिथे जुनेच होते. पण १६९८ मध्ये लुई क्रोमेलिन लिझबर्नला आला आणि धंद्याला बळ मिळाले. धर्मामुळे फ्रान्समधून परागंदा व्हावे लागलेल्यांपैकी तो एक. चांगल्या रुमालावरची पांढऱ्यावर पांढरी नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. तिला डमास्क म्हणतात. हे नाव दमिश्क शहरावरून पडले.

या शुभ्रतेमागे कष्टही आहेत. एकोणिसाव्या शतकात बेलफास्टच्या गिरण्यांमध्ये बायका आणि मुली गरम, दमट हवेत, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून सूत कातत. लहान मुले अर्धा वेळ शाळेत, अर्धा वेळ गिरणीत असत. छातीचे विकार ठरलेलेच. त्यांच्यापैकी किती जणींच्या घरी असा रुमाल मांडला गेला असेल?

पुढे याच रुमालाने माणसे तोलली गेली. १९५४ मध्ये अॅलन रॉस या भाषातज्ज्ञाने दाखवून दिले की उच्चवर्गीय इंग्रज त्याला ‘नॅपकिन’ म्हणतात आणि ‘सर्व्हिएट’ म्हणणारा खालच्या वर्गातला समजला जातो. एका शब्दावरून पाहुण्याची पायरी ठरायची!

पण साध्या ब्रिटिश घरांतली रीत वेगळी होती. घरातल्या प्रत्येकाचा रुमाल ठरलेला असे आणि त्याला अडकवायला आपापले कडे, चांदीचे किंवा लाकडाचे. जेवण झाले की रुमाल घडी करून कड्यात ठेवायचा आणि पुढच्या जेवणाला तोच घ्यायचा. रोज धुण्याचा खटाटोप वाचे. चार दिवस राहायला आलेल्या पाहुण्यालाही एक कडे मिळे. ते मिळाले की तो घरचा झाला. या रुमालाचा खरा अर्थ मला इथे दिसतो, शब्दांच्या त्या परीक्षेत नव्हे.

वापरायची पद्धत सोपी आहे. यजमानाने रुमाल उचलला की आपणही उचलावा. मोठा असेल तर अर्धा दुमडून, दुमड आपल्याकडे ठेवून मांडीवर पसरावा. गळ्यात खोचू नये. ओठ खसाखसा पुसू नयेत, हलकेच टिपावेत. पाणी पिण्याआधी टिपले तर ग्लासला तेलकट डाग पडत नाही. नाक मात्र त्याने कधीही पुसू नये. शेवटी तो ताटाच्या डाव्या बाजूला सैलसर ठेवावा. व्यवस्थित घडी घालणे म्हणजे ‘पुन्हा वापरू’ असे सुचवणे. कड्याची रीत असलेल्या घरात मात्र घडीच घालायची असते.

विकत घेताना आधी चमक पाहू नका, पाणी शोषले जाते का ते पाहा. लिनन किंवा सुती घ्यावा. पॉलिएस्टर ओठांवरून नुसता घसरतो. रात्रीच्या जेवणाला सुमारे ५० सेंटीमीटरचा चौकोन, चहाला ३० चा पुरे. नवे लिनन कडक असते, म्हणून एकदोनदा धुऊन मगच मांडावे. कपडे मऊ करणारे द्रावण त्यात घालू नये, शोषण कमी होते. किंचित ओला असतानाच इस्त्री करावी.

आपल्या सालनाची हळद पांढऱ्या रुमालाला लागणारच, म्हणून पाहुण्याने संकोचू नये आणि यजमानिणीने कपाळाला आठी घालू नये. रुमाल आहेच त्यासाठी. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, हळदीचा डाग फिकट होतो. लिझबर्नची माणसे गवतावर कापड पसरून उन्हाकडून हेच काम करून घेत होती.