येऊ दे, येऊ दे

टेम्पो चालवतो म्हटलं की लोकांना आधी घाट आठवतो. रात्रीची झोप, समोरून येणारा ट्रक वगैरे. माझं तसं काही नाही. राहायला कोपरीत, गाडी छोटा हत्ती. कशेळी-काल्हेरच्या गोडाऊनमधून माल उचलायचा आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण, जिथे असेल तिथे बिल्डिंगखाली उतरवायचा. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये वेग असून असणार किती? दिवसभरात गाडी पळते कमी आणि उभीच जास्त असते. आमच्यात कुणाला लागलेलं मी जेव्हा जेव्हा पाहिलंय, तेव्हा गाडी एकतर उभी होती, नाहीतर रिव्हर्समध्ये.

उभं राहायचं तरी कुठे? कोपरीत अष्टविनायक चौकातून स्टेशनकडे गाडी घालून बघा. दोन्ही बाजूंना बाईक, मधे रिक्षा, उरलेल्या जागेत माणसं. दुकानदाराला माल दारात हवा असतो. मग रस्त्यातच थांबायचं, चारही इंडिकेटर लावायचे आणि 'दोनच मिनिटं' म्हणत पळापळ करायची. इंडिकेटर लुकलुकत असले की चुकीच्या जागी उभं राहायला चालतं, अशी आमची आपली समजूत. ई-चलानसाठी फोटो काढणाऱ्याची तशी नसते. २००५ साली टाटाने ही गाडी आणली तीच मुळी मोठा ट्रक जात नाही अशा गल्लीबोळांसाठी. गाडी गल्लीत पोचली, पण तिथे ती उभी कुठे करायची हे कुणी ठरवलंच नाही. वीस मजल्यांच्या टॉवरला पाहुण्यांच्या गाड्यांसाठी पट्टे आखलेले असतात. त्याच टॉवरमध्ये रोज कुणाचा ना कुणाचा फ्रिज येतो, तो मात्र गेटबाहेर रस्त्यावर उतरवायचा. वॉचमन म्हणतो, "भाऊ, भाड्याची गाडी आत नाही." त्याला तरी काय बोलणार, त्याला तसं सांगितलेलं असतं.

आणि हो, लोकेशनचा पिन. ठाणे स्टेशनजवळचा पत्ता असेल तर पिन पूर्वेला पडतो आणि माणूस असतो पश्चिमेला. चालत गेलं तर पुलावरून पाच मिनिटं. गाडीला कोपरी पुलावरून तीन हात नाक्याला वळसा. तो पूल २०२३ मध्ये रुंद झाला, नाहीतर आधी आठ लेनचा हायवे तिथे येऊन चार लेनचा व्हायचा. आता पुलावर वेळ कमी जातो. पुढे स्टेशनपर्यंत जातो तेवढाच.

पण खरी भीती फाळक्याची. फाळका म्हणजे मागची खाली पडणारी फळी. माझ्या गाडीची कागदावरची क्षमता पाऊण टन. "अजून दोन बॉक्स जातील की" हे वाक्य त्यात धरलेलं नाही. खड्ड्यांत माल सरकतो आणि फाळक्याला टेकतो. तुम्ही घाईत दोन्ही हूक काढता आणि टाइल्सचे बॉक्स फाळक्यासकट अंगावर येतात. माझ्यासोबत हमालीला एक जालन्याचे काका असायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "भाऊ, फाळक्याच्या समोर नाही उभं राहायचं, बाजूला राहायचं. हूक सहज निघाला तर ठीक. अडला तर समजायचं, आत माल टेकलाय." लायसन्सच्या परीक्षेत हे कुणी विचारत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला साधं लाइट मोटर व्हेइकलचं लायसन्स पुरतं. निकाल बरा आहे, त्यावर हजारोंची पोटं आहेत. पण चालवण्याचं लायसन्स आहे म्हणून माल भरता-उतरवता येतोच असं नाही, ते शिकायला काका लागतात.

रिव्हर्सलाही काकाच लागतात. मागे माल भरला की आतल्या आरशात काही दिसत नाही, बाजूचे आरसे गल्लीत मिटून घ्यावे लागतात. मग गाडी चालते ती फक्त आवाजावर. "येऊ दे, येऊ दे... अजून... बस्स!" डोंबिवलीत रामनगरला एकदा असंच "येऊ दे" चाललं होतं आणि अचानक पत्र्यावर दोन जोरात थापा पडल्या. मी ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर फाळक्याखाली चार-पाच वर्षांचा पोरगा उकिडवा बसून बॉल काढत होता. काकांनी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि काहीच न बोलता परत मागे जाऊन उभे राहिले. "येऊ दे."

आता काका नसतात. ज्या ॲपवर मी भाडी घेतो तिथे हेल्परचे पैसे गिऱ्हाईकाने वेगळे भरायचे असतात. तिथली टिक बहुतेक जण काढून टाकतात. तीनचारशे रुपये वाचतात, मीही गिऱ्हाईक असतो तर काढली असती कदाचित. काकांना रोज हजेरी देणं मला एकट्याला जमेना, ते भिवंडीत गोडाऊनला लागले.

त्यामुळे हल्ली गल्लीत मागे यायचं झालं की मी कुणालातरी विनवतो, "दादा, जरा मागे बघता का?" बघतात. एक नजर मोबाईलमध्ये ठेवून "या, या" म्हणतात. त्या आवाजावर माझा पाय क्लचवरून सुटत नाही. मग मी गाडी बंद करतो, उतरतो, मागे जाऊन वाकून खाली बघतो आणि परत येऊन बसतो. तेवढ्यात मागे कुणीतरी स्कूटर लावून गेलेला असतो.