फुशिमीचं पाणी

चार-आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या शहरात ज्याचं आयुष्य गेलं, त्याची नजर क्योटोच्या दक्षिणेला फुशिमीत उतरल्यावर आधी पाण्यावरच जाते. गोकोनोमिया देवळाच्या आवारात जमिनीखालून पाणी येतं आणि आजूबाजूचे लोक बाटल्या घेऊन येतात, निवांत भरून नेतात. ना रांगेतली भांडणं, ना टँकरची वाट. देशातल्या शंभर उत्तम पाण्यांची यादी जपान सरकारनं १९८५ साली केली, तीत हे पाणी आहे. ओंजळीनं प्यायलो. घशाला कुठेही न लागता उतरलं.

याच पाण्यावर इथली साके होते. गेक्केइकान हा कारखाना १६३७ सालचा! साकेत जवळपास ऐंशी टक्के पाणीच असतं, त्यामुळे पाण्याचा स्वभाव तिच्यात उतरतो. कोबेजवळच्या नादा भागात पाणी जड, म्हणून तिथली साके करकरीत, फुशिमीची मवाळ.

पण मी थक्क झालो ते रेल्वेमुळे. नारा इलेक्ट्रिक रेल्वेचा मार्ग इथून भुयारातून न्यायचा बेत होता. भुयार खणलं तर जमिनीखालचं पाणी बिघडेल म्हणून साकेवाले विरोधात उभे राहिले आणि १९२८ साली गाडी सुरू झाली ती उंचावरून. मोमोयामा-गोर्योमाए स्टेशनाच्या पुलाखाली उभा राहून मी कितीतरी वेळ वर बघत होतो. मनात आमचं शहर होतं, वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या बिअर कारखान्यांचं. २०१६च्या दुष्काळात मद्य कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्के कपात करा, असं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं होतं. इथे कारखानदारच पाण्याचे राखणदार झाले होते, तेही जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी.

बिअरच्या गावच्या माणसाला साकेची कृतीही चक्रावून टाकते. बिअरला आधी धान्याची साखर करायची, मग ती आंबवायची. साकेत वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. टाकीत ती तांदळाची साखर करत जाते आणि तिथेच, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. २०२४ साली युनेस्कोनं या विद्येला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं, ते योग्यच झालं.

मग साके चाखायला बसलो. चाखायची पेली पांढरी, तळाशी दोन निळी वर्तुळं. त्यावरून रंग आणि नितळपणा जोखायचा. आधी थंड गिंजो आली. तिच्यासाठी तांदूळ घासून दाण्याचा साठ टक्के किंवा त्याहून कमी गाभा ठेवतात. नासपतीसारखा वास, आणि बरोबर ताई नावाच्या कच्च्या माशाच्या पातळ चकत्या. घोट घेतला आणि माशाची गोडी पुढे आली. वाइनपेक्षा साकेत आंबटपणा कितीतरी कमी, म्हणून नाजूक चव दबत नाही. मग साकेचा चोथा घालून केलेलं कासुजिरू हे दाट, पांढरं, मुळा-गाजराचं सूप आलं. सोबतची साके कोमट होती. थंड साकेचा वास अंग चोरून होता, आता भाताचा, कोजीचा दरवळ सुटला. ही जोडी मला जास्त आवडली.

आमच्या नान-खलियापुढे थंड गिंजो ठेवू नये, मसाल्यात ती हरवेल. यामाहाई पद्धतीची आंबटसर, दमदार साके चांगली गरम करून घ्यावी. खलियाच्या तर्रीला ती पुरून उरेल.