गाडीचे धक्के

संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यानें मोटारीच्या स्प्रिंगांविषयीं लिहावें हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या घरीं घडलेली गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कारण तींत आमचाहि दोष आहे.

आमच्या पुतण्यानें गेल्या वर्षीं एक जुनी ऑक्टाव्हिया घेतली. ही गाडी आमच्याच जिल्ह्यांत शेंद्र्यास २००१ पासून तयार होऊं लागली. तिचा ‘आरएस’ नांवाचा वेगवान प्रकार त्याच्या मनांत फार दिवस भरलेला. "काका, ही जरा खालीं बसविली म्हणजे वळणावर कशी चिकटून जाते पाहा!" असें म्हणून त्यानें आंखूड व ताठ स्प्रिंगा घालून आणल्या. शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवले. गाडी ऐटबाज दिसूं लागली आणि आम्हीं तोंडभर स्तुति केली.

पुढें वहिनींचें कंबरेचें दुखणें वाढलें. दर आठवड्यास त्यांना देवगाव रंगारीहून शहरांत डॉक्टरांकडे न्यावें लागे. गाडीनें दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेस त्या पहाटेच पिशवी घेऊन एस. टी.च्या थांब्यावर जाऊन बसल्या. "त्याला कांहीं बोलूं नका हं, भाऊजी; हौसेनें घेतली आहे त्यानें," एवढेंच म्हणाल्या.

आम्ही बोललों नाहीं; कागद-पेन्सिल घेऊन बसलों. शाळेंत अडीअडचणीस विज्ञानाचे तासहि घेतले होते, ते उपयोगीं पडले.

आमच्या न्यायशास्त्रांत संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकविलेली फांदी ज्यायोगें पूर्वस्थितीस येते तो स्थितिस्थापक. स्प्रिंगचा गुण हाच. ती भार पेलते, पण स्वतः होऊन लवकर थांबत नाहीं. तिला आवरतो तो शॉक ॲब्सॉर्बर. त्याच्या नळींत तेल असतें; दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तें ढकललें जातें आणि आंदोलनाची शक्ति उष्णता होऊन जिरते. स्प्रिंग जितकी ताठ, तितका आवरणारा हात बळकट हवा.

गाडीच्या भारानें चाकापाशीं स्प्रिंग सुमारें २५ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदास एकदां वरखालीं होते. ११ दबली तर दीड वेळां, ६ दबली तर दोन वेळां. घरगुती गाडीस एक ते दीड पुरे. रस्त्यावरच्या चपळ गाडीनेंहि दोनाच्या फार पुढें जाऊं नये. शिवाय गाडी खालीं बसविली कीं चाकास वर यावयास जागा उरत नाहीं. गतिरोधक आला कीं रबरी ठोकळ्यावर आदळते, आणि तो धक्का थेट पाठीच्या कण्यांत जातो. ज्या पकडीसाठीं हा खटाटोप, तीहि खडबडीत रस्त्यावर सुटते. उसळलेलें चाक जमिनीस धरणार कसें?

पुतण्यानें कागद बराच वेळ पाहिला. मग हळूच विचारलें, "आई म्हणून एस. टी.नें जाते का?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

त्यानें नव्यानें निवड केली. मूळ उंचीच्या, किंचितच अधिक ताठ स्प्रिंगा घेतल्या आणि त्यांस जुळणारे नवे शॉक ॲब्सॉर्बर बसविले. वळणावर गाडी कलूं नये म्हणून दोन्ही बाजूंच्या चाकांस जोडणारा जाड पोलादी दांडा घातला. दोन्ही चाकें एकदम उचललीं गेलीं तर तो आड येत नाहीं, एकच बाजू दबूं लागली तर विरोध करतो. कन्नडजवळच्या औट्रम घाटांत गाडी पूर्वीपेक्षां अधिक विश्वासानें वळते, असें तो सांगतो.

तरुणांनीं हौस अवश्य करावी. मात्र स्प्रिंग निवडण्यापूर्वीं मागच्या आसनावर कोण बसणार, हें एकदां विचारावें. आणि आम्हां वडील मंडळींनीं न कळणाऱ्या गोष्टीची स्तुति जरा जपून करावी.

परवां वहिनी गाडीनें गेल्या. परत आल्यावर कशी काय झाली खेप, असें विचारलें तेव्हां म्हणाल्या, "वाटेंत जरा डोळा लागला होता."